दावणीची वारी



आम्ही चौथी शिकलेले, पण दावण आम्हाला रोज शिकवते. पहाटे शेणघाण, वैरण, धार, मग काकडा.

आपल्या कळंब भागात आता खरिपाला सोयाबीन, मागून हरभरा. शाळू कुणी धरीना, उपटायला माणूस मिळत नाही. पोरं म्हणाली, "आबा, सगळा हरभराच टाकू." आम्ही म्हणालो, पैसा येईल, पण दावणीला काय घालाल? 2016 साली मांजरा धरण आटलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तवा ज्याच्या गंजीला कडबा होता, त्याचीच जनावरं दावणीला राहिली. बाकीच्यांनी मिळेल त्या भावात बाजार दाखवला. म्हणून दोन एकर शाळू ठेवायचा, असं घरात ठरलं.

तसंच वारीचं. पेरणी अन् आषाढी एकदाच येतात. सगळेच पंढरीला गेले तर धार कोण काढणार? आम्ही भावाभावांनी पाळी लावली. एका साली एकानं दिंडीत चालायचं, दुसऱ्यानं दावण धरायची. मागं राहणाऱ्यानं खट्टू होऊ नये. सावतोबांना अरणच्या मळ्यातच पांडुरंग भेटला. मुकं जनावर उपाशी ठेवून चाललेली वाट पंढरीला पोचत नाही, बाबांनो.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!