नेम, नियम आणि नेतृत्व

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून सहसा शिष्यवृत्त्या, परीक्षांचे निकाल, मुलींचे शिक्षण अशा विषयांवर बोलले जाते. नेमबाजीच्या क्लबाविषयी बोला, असे सांगणारी संस्था विरळाच. आपल्या चिटणीससाहेबांनी मला तीन प्रश्न लिहून पाठवले. या खेळात सध्या काय घडत आहे? क्लबाचा कारभार कोण आणि कसा चालवतो? आणि आपली मुले तेथे पाठवावीत का? याच क्रमाने मी बोलणार आहे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याला जास्त वेळ देईन.

प्रथम खेळाची खबर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताला एकूण सहा पदके मिळाली. त्यांपैकी तीन नेमबाजीची होती. मनू भाकर हिने एकाच ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके मिळवली, त्यांतले एक सरबजोत सिंग याच्या जोडीने. तिसरे पदक आपल्या महाराष्ट्राचे. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या लहानशा गावच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात, कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवले होते. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूकडे यायला ७२ वर्षे लागली. स्वप्नीलचे वडील शिक्षक. तो स्वतः शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करीत खेळला. हा राजेरजवाड्यांचा खेळ आहे, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी कांबळवाडीचे नाव लक्षात ठेवावे.

तो समज निराधार होता असे मात्र नाही. पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरलेले आपले जुने नामवंत नेमबाज करणीसिंग हे बिकानेरचे महाराजा होते. पण काळ बदलला. उत्तर प्रदेशातील खुर्जा गावचे मैराज अहमद खान हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या 'स्कीट' प्रकारात खेळतात. या प्रकारात ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेले ते पहिले भारतीय, २०१६ साली ते रिओला गेले. तेथे उपांत्य फेरी थोडक्यात हुकली आणि ते नववे आले. त्यांनी खेळ सोडला नाही. २०२२ मध्ये कोरियातील चांगवॉन येथे, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी विश्वचषक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. स्कीटमध्ये असे पदक मिळवणारेही ते पहिलेच भारतीय. मेरठ जिल्ह्यातील शहजर रिझवी या वायुदलातील जवानाने २०१८ साली मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे १० मीटर एअर पिस्तुलात २४२.३ गुणांचा त्या वेळचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. ही नावे मी सांगतो ती केवळ अभिमानासाठी नव्हे. आपल्या मुलांना ती ठाऊक नसतात, हे मी नेहमी पाहतो.

आता क्लबाच्या आत काय चालते ते पाहू. जुन्या माणसांना 'चांदमारी' हा शब्द ठाऊक आहे. पोलीस आणि लष्कर सराव करतात ती जागा. नेमबाजीचा क्लब म्हणजे नागरिकांची चांदमारीच, पण तेथे पहिले काही दिवस मुलाला गोळी झाडायला मिळत नाही. बंदूक रिकामी आहे की नाही हे कसे पाहावे, नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने कसे ठेवावे, नेम लागेपर्यंत बोट चापावर का नेऊ नये, एवढेच त्याला शिकवले जाते. बंदूक वापरात नसली की तिच्या नळीत नारिंगी रंगाची दोरी घालून ठेवतात. ती दुरूनही दिसली म्हणजे आत काही नाही हे सर्वांना कळते.

रेंजवर रेंज ऑफिसरचा शब्द अखेरचा. त्याने 'लोड' म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, 'स्टार्ट' म्हटल्याशिवाय झाडायचा नाही आणि 'स्टॉप' म्हणताच जेथल्या तेथे थांबायचे. चांगल्या क्लबात आणखी एक रिवाज असतो. धोका दिसला तर 'स्टॉप' असे कोणीही ओरडू शकतो. बारा वर्षांच्या मुलीने ओरडले, तरी क्लबाच्या अध्यक्षांनीही बंदूक खाली ठेवायची आणि नंतर कारण विचारायचे. लहानाच्या तोंडून आलेली सूचना मोठ्याने मुकाट्याने ऐकायची, हे आपल्या घरांत आणि संस्थांत किती ठिकाणी घडते याचा विचार आपणच करावा.

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. खसखशीच्या दाण्याहून लहान. त्यावर सव्वा तासात साठ छर्रे झाडायचे. अशा वेळी ताकद कामाला येत नाही. श्वास, मन आणि धीर कामाला येतात. चुकलेला छर्रा डोक्यातून काढून पुढच्याकडे वळता आले पाहिजे. परीक्षेचा पेपर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला याहून वेगळे काय लागते?

दुसरा प्रश्न कारभाराचा. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली आणि तिच्या स्थापनेत पुढाकार घेऊन पहिले अध्यक्षपद सांभाळले ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांनी. कर्मभूमी अहमदाबाद, परंतु घराणे मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याच्या मावळंगे गावचे. सभागृहात नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाने बंदुकीच्या खेळाचे नेतृत्व करावे, हे मला फार योग्य वाटते. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा देशातील हजारो नवोदितांसाठी राष्ट्रीय स्पर्धेची पायरी ठरली.

पुढाऱ्याने खुर्ची केव्हा सोडावी, हा प्रश्न प्रत्येक संस्थेत येतो. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने क्रीडा संघटनेच्या अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षांची मुदत घालून दिली. राष्ट्रीय रायफल संघटनेत २०१० च्या अखेरीपासून अध्यक्ष असलेले रणिंदर सिंग या मर्यादेमुळेच २०२३ मध्ये बाजूला झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निवडणूक होऊन कलिकेश सिंगदेव अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यानुसार राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि किमान दोन नामवंत खेळाडू असले पाहिजेत. खेळाडूने पुढे कारभारात यावे, ही रीत नेमबाजीत रुळत चालली आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे पदकविजेते गगन नारंग पॅरिसला भारतीय पथकाचे प्रमुख म्हणून गेले होते.

गावपातळीवरच्या क्लबातही हीच कसोटी असते. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आपली शिक्षणसंस्थाही त्यातून गेलेली असेल. नेमबाजी क्लबात याखेरीज आणखी एक काम असते. मावळत्या चिटणिसाने नव्या चिटणिसासमोर शस्त्रांची नोंदवही उघडायची, एकेका बंदुकीचा क्रमांक वाचून ती दाखवायची, काडतुसांचा हिशोब शेवटच्या नगापर्यंत जुळवायचा, परवान्याची कागदपत्रे सुपूर्द करायची आणि दोघांनी सही करायची. हार-तुरे त्यानंतर. ज्या क्लबात ही वही चोख असते तेथे नेतृत्व बदलले तरी सराव एक दिवसही बंद पडत नाही. जेथे वही एकाच माणसाच्या कपाटात आणि हिशोब त्याच्या डोक्यात असतो, तेथे तो माणूस गेला की क्लबही जातो. मुलाला क्लबात घालण्यापूर्वी पालकांनी हेच विचारावे. नोंदणी आहे का, रेंज ऑफिसर कोण, वही कोण लिहितो, वार्षिक सभा होते का. प्रशिक्षकाने किती पदके मिळवली हे नंतर विचारले तरी चालेल.

आता तिसरा प्रश्न. "मुलांना पाठवावे का?" पालकहो, आपण हा प्रश्न विचारता त्यामागे कोणती धास्ती असते ती मला ठाऊक आहे. सभेत कोणी ती उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. "आमच्या मुलाच्या हातात बंदूक दिसली तर लोक काय समजतील? एस. टी.च्या प्रवासात कोणी पेटी उघडायला लावली तर?" ही धास्ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तिला हसणार तर मुळीच नाही. पण तिच्यावर उपाय घरी बसणे हा नव्हे. सर्व काही कागदावर आणि उजेडात ठेवणे, हाच उपाय आहे.

म्हणून कायदा समजून घ्या. सुरुवात होते ती ४.५ मिलिमीटरच्या छऱ्याच्या एअर रायफलने किंवा पिस्तुलाने. ठरावीक शक्तीच्या आतील अशा हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. काडतुसाच्या बंदुकीला लागतो आणि स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर मुलांचा सराव जाणत्यांच्या देखरेखीखालीच. पहिली काही वर्षे मुलाने क्लबाचीच बंदूक वापरावी आणि ती क्लबातच ठेवावी. घरी आणण्याचे कारण नाही. स्पर्धेला जाताना बंदूक बंद पेटीत, सोबत क्लबाचे ओळखपत्र, स्पर्धेचे प्रवेशपत्र आणि खरेदीची पावती, शक्य तर प्रशिक्षकही बरोबर. ज्याची कागदपत्रे पूर्ण आहेत त्याला चार प्रश्नांना शांतपणे उत्तर देता येते.

आणि मुलांनो, तुम्हाला एक गोष्ट बजावून सांगतो. बंदूक हातात धरून मोबाइलवर छायाचित्रे काढून मिरवू नका. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला शौकीन समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बेफिकीर गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. क्लबात शिकलेला मुलगा अशा वरातीतून उठून जातो, कारण सुटलेली गोळी कोठे तरी पडतेच हे त्याला शिकवलेले असते.

मुलींविषयीही बोलले पाहिजे. या खेळात मुलगी मुलाहून कमी पडत नाही. अंजली भागवत यांनी मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एन. सी. सी.मधून रायफल हाती घेतली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे विश्वविजेत्या झाल्या. पोशाखाची अडचण सांगणाऱ्या पालकांना मी इराणच्या इलाहे अहमदी यांचे नाव सांगतो. डोक्यावर रुमाल घेऊनच त्या २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या एअर रायफलच्या अंतिम फेरीत उभ्या होत्या. नेमबाजाचे जाकीट आणि विजार तशीही जाड, अंगभर असते. मुलगी चाकाच्या खुर्चीवर असली तरी दार बंद नाही. अवनी लेखरा हिने टोकियो आणि पॅरिस अशा दोन्ही पॅरालिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आहे.

खर्चाचे म्हणाल तर हा खेळ स्वस्त नाही, हे स्पष्ट सांगतो. चांगली रायफल, जाकीट, छर्रे यांना पैसा लागतो. म्हणूनच एकेकट्या बापाने कर्ज काढू नये. दहा घरांनी मिळून एक रायफल घ्यावी आणि ती क्लबाच्या नावावर करावी. ज्यांच्या महाविद्यालयात एन. सी. सी. आहे त्यांनी तेथून सुरुवात करावी.

शेवटी संस्थेकडे माझी दोन मागणी-वजा विनंत्या आहेत. पहिली, दरवर्षी काही मुले व तितक्याच मुली निवडून जवळच्या नोंदणीकृत क्लबात पाठवा आणि त्यांची फी संस्थेने भरावी. दुसरी मला अधिक मोलाची वाटते. तुमच्यातल्या दोन-तीन सुशिक्षित पालकांनी, त्यांत एक तरी माता असावी, त्या क्लबाचे सभासद व्हावे, वार्षिक सभेला हजर राहावे, वही लिहायला बसावे, वेळ आली तर निवडणुकीला उभे राहावे. आपली मुले खेळतात आणि कारभार मात्र दुसरेच पाहतात, अशा ठिकाणी आपण कायम पाहुणेच राहतो. ज्या क्लबाच्या वहीत आपल्या माणसाची सही आहे, तो क्लब आपलाही होतो, आणि तेथे जाणाऱ्या आपल्या मुलाकडे कोणी परका म्हणून पाहत नाही.

 आज पारितोषिके मिळवलेल्या सर्व विद्यार्थ्यांना मुबारकबाद देऊन मी माझे भाषण पुरे करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.