सरासरीच्या आड कोण राहते?



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. संगणकातील हिशेबाच्या नोंदी एकत्र करून अहवाल कसे रचावेत, हा कारकुनांचा आणि तंत्रज्ञांचा विषय. चळवळीच्या कार्यकर्त्याचा त्याच्याशी काय संबंध? माझे उत्तर असे की, नोंदींचे गट कसे पाडायचे हे ज्याच्या हाती असते, कोणता अन्याय दिसावा आणि कोणता दिसू नये हेही त्याच्याच हाती असते.

आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. बारामती तालुक्यातील माळेगाव व सोमेश्वर, इंदापूर तालुक्यातील भवानीनगरचा छत्रपती, हे सहकारी साखर कारखाने नीरा डाव्या कालव्याच्या ऊसपट्ट्यात उभे राहिले. कोणत्याही कारखान्यात लागणीची तारीख, उसाची जात, तोडणीची तारीख, वजनकाट्याची पावती आणि बिल अशा नोंदी होतात. उसाची प्रत्येक खेप ही एक स्वतंत्र नोंद असते. हंगामभरातल्या अशा असंख्य नोंदी वाचणे कोणालाही शक्य नाही. म्हणून संगणकाला आधी सांगून ठेवावे लागते, की गट कशावरून पाडायचा, बेरीज कशाची करायची आणि सरासरी कशाची काढायची. ही मांडणी एकदा ठरली की वर्षानुवर्षे तोच तक्ता निघत राहतो आणि तो कोणी ठरवला याचा विसर पडतो.

यात बेरीज निरुपद्रवी आहे. गट कसेही पाडा, एकूण टनेज तेवढेच राहते. सरासरीचे तसे नाही.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. आता एक काल्पनिक हिशेब करू. तो कोणत्याही विशिष्ट कारखान्याचा नव्हे. समजा, १०० शेतकरी आहेत. त्यांतील ९० जणांना आठव्या दिवशी पैसे मिळाले, १० जणांना पन्नासाव्या दिवशी. सरासरी येते १२.२ दिवस. म्हणजे अहवालात कायदा पाळला गेला!

पुढे पाहा. त्या ९० जणांचा ऊस प्रत्येकी १०० टन आणि मागे राहिलेल्या १० जणांचा प्रत्येकी २० टन आहे असे धरा. सरासरी माणसांवर न काढता टनांवर काढली, की ती ८.९ दिवसांवर येते. ज्याचा ऊस कमी, त्याचा विलंबही आकड्यात कमी. येथे कोणी खोटे बोललेले नाही. एकही नोंद बदललेली नाही. केवळ भागाकार कशाने करायचा एवढेच ठरवले गेले.

हीच गोष्ट राज्याच्या पातळीवर घडलेली आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात राज्याची सरासरी प्रमाण मानून जिल्हावार अनुशेष मोजला. विषमता आकड्यांत मांडण्याचे ते मोठे काम होते, यात शंका नाही. परंतु जिल्हा हा घटक धरला की मावळातला पाऊस, नीरेचा कालवा आणि सुप्या-मोरगावाकडचे जिरायत रान पुणे जिल्ह्याच्या एकाच आकड्यात विरघळून जाते. पुढे २०१३ मध्ये डॉ. विजय केळकर समितीने तालुका हा घटक धरण्याचा आग्रह धरला. पण बारामतीच्या बाबतीत तालुकाही पुरत नाही. बागायत व जिरायत हे दोन वेगळे तालुके एकाच नावाखाली नांदतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक आहे.

म्हणून सरासरी टाकून द्या, असे मी म्हणत नाही. तिच्याविना कारभार चालणार नाही. माझे म्हणणे तीन मागण्यांत सांगता येईल. पहिली, प्रत्येक सरासरीशेजारी संख्या हवी: १४ दिवसांनंतर बिल मिळालेले शेतकरी किती, त्यांना व्याज दिले काय? दुसरी, गटवारी धारणक्षेत्राप्रमाणे आणि गावाप्रमाणेही निघाली पाहिजे. एक एकरवाला व वीस एकरवाला एका ओळीत बसवू नयेत. तिसरी, मूळ नोंदी जपून ठेवाव्यात. बेरजेतून मूळ नोंद परत मिळवता येत नाही. मूळ नोंदीतून मात्र नवी बेरीज केव्हाही करता येते.

यांपैकी एकाही मागणीसाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. माहिती संगणकात आहेच. ती मागणारा सभासद हवा. वार्षिक सर्वसाधारण सभेत भावावर आपण तासन् तास बोलतो. यंदा एवढेच विचारा: ही सरासरी कोणाची, आणि तिच्यात न मावणारे किती जण आहेत?