ताटातले डावे-उजवे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



‘घरातील जेवणाचे टेबल सुंदर कसे मांडावे’ या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने ठरविले. विषय ऐकून आमच्या घरी थोडा हशा झाला. “टेबल म्हणजे वर्तमानपत्रे, इस्त्रीचे कपडे आणि औषधाच्या बाटल्या ठेवण्याची जागा!” असे आमचे चिरंजीव म्हणाले. इतर घरांतही फारसे निराळे नसावे. तेव्हा मांडणीचा पहिला नियम हाच, की टेबल आधी रिकामे करावे. टापटिपीला पैसा लागत नाही.

टेबल आपल्याकडे उशिरा आले, पण मांडणी आपल्याला नवी नाही. पंगतीतले पान आठवून पाहा. पाट, पानाभोवती रांगोळी, उदबत्ती, आणि वाढण्याचा ठरलेला क्रम. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. हा क्रम उगीच पडलेला नाही. डावीकडचे पदार्थ तोंडी लावण्यापुरते. उजवीकडचे पोटभर खाण्याचे आणि पुन्हा पुन्हा वाढण्याचे. जेवणाऱ्याचा उजवा हात त्यांच्याशी सहज पोचतो. सोय आणि शोभा अशा एकत्र नांदतात.

हीच दृष्टी टेबलावर ठेवावी. पाश्चात्त्य रीतीत काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, तिची धार ताटाकडे वळलेली, आणि पाण्याचा पेला उजवीकडे सुरीच्या वर असतो. त्यांच्या जेवणाला ते योग्यच आहे. पण आपण उजव्या हाताने जेवतो व तो हात खरकटा असतो. मग आपला पेला डावीकडे ठेवावा, हेच शहाणपणाचे. दुसऱ्याची रीत घ्यावी, पण तिचे कारण पाहून घ्यावी.

आता थोडी मापे सांगते. टेबलाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर व खुर्चीची बैठक सुमारे ४५ असली, म्हणजे वाकावे लागत नाही. प्रत्येकाला ६० सेंटिमीटर रुंदीची जागा मिळाली, तर कोपराला कोपर लागत नाही. फुले ठेवावीत, पण बुटक्या भांड्यात. समोरच्याचे तोंड दिसले पाहिजे. निशिगंधासारखी उग्र वासाची फुले दिवाणखान्यात ठेवावीत. जेवताना फोडणीचा वास यावा! जुनी पितळी भांडी काढणार असाल, तर त्यांना कल्हई आहे ना ते पाहावे. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, सार, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ कळकतात. जुन्या सुती लुगड्याचे चौकोनी रुमाल शिवले, तर विकतच्यापेक्षा ते अधिक शोभतात.

इथवर ऐकून आपण म्हणाल, की हे सारे आम्हांला येते. होय, येते. म्हणून आता खरा प्रश्न विचारते. टेबल मांडताना आपण पाने किती घेतो?

घरात माणसे पाच असतात आणि पाने चार मांडली जातात. पाचवी उभी असते. तिच्या एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात तुपाचे भांडे. माझ्या माहेरी सणाला पुरुषांची पंगत उठे, मग मुलांची बसे, आणि बायकांची पाने दुपारी तीनच्या सुमाराला पडत. भाजी तोवर तळाला गेलेली असे. “मला काय, काहीही चालते,” असे आई म्हणे. हे वाक्य आपल्यापैकी किती जणींच्या तोंडी आजही आहे!

याला त्याग म्हणून गौरविण्यापूर्वी एक आकडा ऐका. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. पण जी नेहमी शेवटी जेवते, तिच्या वाट्याला पालेभाजी, उसळ आणि डाळ कमी येते, हे समजायला डॉक्टर कशाला हवा? तेच लिंबाच्या फोडीचे. ती नुसती शोभेची नाही. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे भाजीतले लोह अंगी लागते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी मिळते. डावीकडची ती फोड आपल्याही पानात पडली पाहिजे.

“पण गरम पोळ्या कोण वाढणार?” हा प्रश्न येणारच. आमच्या घरी आम्ही असे केले: पोळ्या आधी करून पंचात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, सारे पदार्थ डाव-पळ्यांसह टेबलाच्या मध्यभागी मांडायचे, आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचे. पहिल्या दिवशी एक पान जास्त पाहून यजमानांनी विचारले, “कोण पाहुणे यायचेत?” मी म्हटले, “मी.” ते काही बोलले नाहीत, पण आमटीची वाटी त्यांनी स्वतः भरून माझ्यापुढे सरकविली. आता रविवारी मुलगा तव्याशी उभा असतो. त्याच्या पोळ्यांचे नकाशे होतात. पण टम्म फुगतात, हे मला त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. भाकरीच्या दिवशी मात्र आळीपाळीने उठावे लागते. एकटीनेच उठायचे नाही, एवढेच पथ्य आम्ही पाळतो.

भगिनींनो, फुले, रुमाल, चकचकीत भांडी हे सर्व हवेच. सुंदर गोष्टींनी मन प्रसन्न होते व अन्न गोड लागते. परंतु जिने ते रांधले तिची खुर्ची रिकामी असेल, तर त्या मांडणीत उणेच राहिले म्हणायचे. ताटात डावे-उजवे जरूर करावे. माणसांत करू नये.

आज समारंभानंतर फराळ आहे. वाढण्याचे काम आपल्या मंडळींकडे सोपवावे आणि आपण सर्वजणींनी एकदमच बसावे, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेते.