हसायचं कुणाला?



संमेलनाचा स्वागताध्यक्ष निवडताना त्याला नाटक कळतं का, हे कुणी विचारत नाही. मंडप, जेवण आणि झोपायची सोय होईल का, एवढंच विचारतात. मी मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या. सोय झाली आहे. दोन प्रयोगांच्या मधे नेपथ्य लागेपर्यंत खायला भडंगही आहे. पडदा उघडल्यावर मात्र पाकिटं वाजवू नका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' याच गावात उभं केलं, हे म्हटल्याशिवाय सांगलीकराला बोलायला सुरुवात करता येत नाही. तेही झालं. या नाट्यपंढरीत तुमचं मनापासून स्वागत.

खरं तर आता मी खाली बसायला हवं. पण गणपती जवळ आले की मंडळांची पोरं आणि बचत गटाच्या बायका माझ्याकडे वर्गणीबरोबर आणखी एक गोष्ट मागतात : "काका, एखादी एकांकिका सांगा ना. लोक हसले पाहिजेत आणि विषयही पाहिजे." मी लेखक नाही, दिग्दर्शक नाही, पण पुढच्या रांगेत बसून आयुष्य गेलंय. त्या जोरावर चार नावं सांगतो.

पहिलं नाव जुनं आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न', १८५५ सालचं. जोशीबुवा गरोदर बाईला ग्रहांची भीती घालतो, नवराबायकोला लुबाडतो, आणि विदूषक मधे मधे येऊन त्या लबाडीची सालं काढतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. छापून यायला १९७९ उजाडलं. आजच्या लेखकांनी तो विदूषक नीट बघावा. तो त्या जोडप्याच्या भोळेपणावर बोलत नाही असं नाही, पण त्याची खरी धार जोशीबुवासाठी राखलेली आहे. ती दोघं शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायचं ठरवतात. म्हणजे नाटककाराने त्यांना हसून सोडून दिलेलं नाही.

माझी एकांकिकेची परीक्षा एवढीच आहे. हसू कुणावर येतंय? स्पर्धांमधून मी जे बघतो त्यात पुष्कळदा ते गावाकडच्या उच्चारांवर येतं, जाड बाईवर येतं, साडी नेसलेल्या मुलावर येतं. अर्धा तास अशी धमाल, मग दिवे मंद, बासरी सुरू, आणि एक जण स्पॉटमधे येऊन स्त्री-भ्रूणहत्येवर भाषण करतो. आमच्या धंद्यात हळदीत पीठ मिसळलं की लगेच कळतं. विनोदात उपदेश मिसळलेला त्याहून लवकर कळतो.

'मुलगी झाली हो' बघा. १९८३ साली ज्योती म्हापसेकरांनी लिहिलं, स्त्री मुक्ती संघटनेच्या बायकांनी गावोगाव नेलं. तिथे भाषण वेगळं काढावं लागत नाही, कारण लोककलेच्या अंगाने आलेली गाणी आणि टोमणेच काम करतात. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' तर जवळपास मोकळ्या रंगमंचावर दोन नट करू शकतात. नेपथ्याचा खर्च नाही. पण विषय जात आणि पाणी, आणि हसू उपरोधाचं. प्रेक्षक हसतो आणि पुढच्याच क्षणी हसल्याची लाज वाटते. हलक्याफुलक्या कार्यक्रमात ती घेऊ नका, चांगले दोन नट मिळाले तरच घ्या. मंडळाला हसरंच हवं असेल तर पुलंची 'विठ्ठल तो आला आला' आहेच. देवळाच्या आवारातच ती करायची हिंमत मात्र हवी.

देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' मुळात एकांकिका होती. एक आंधळा, एक बहिरा, एक मुका, आणि तिघांचं एकाच मुलीवर प्रेम. मी पोट धरून हसलोय. पण सामाजिक म्हणून ते कुणी सुचवलं तर मी मान हलवणार नाही. तिथे विषय फजितीचा आहे, समाजाचा नाही. फजितीही चांगली असते, फक्त तिच्यावर भलती पाटी लावू नये.

अलीकडचं म्हणाल तर रिंगणनाट्य. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाल्यानंतर अतुल पेठे आणि राजू इनामदार यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून हा प्रकार उभा केला. रंगमंच नाही, प्रेक्षक गोल बसतात. एका नाट्याचं नावच 'सॉक्रेटिस ते दाभोलकर-पानसरे व्हाया तुकाराम'. आणि ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर सुरू केलेला 'वंचितांचा रंगमंच'. वस्तीतली मुलं आपल्याच वस्तीवर छोटी नाटकं करतात. स्वतःच्या गल्लीवर हसण्याचा हक्क त्या मुलांचा आहे, आपण त्यांच्यावर हसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता स्पर्धांकडे. १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही असं ठरवून तो कुणालाच दिला नाही. चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र ज्यांना करंडक मिळतात त्यांचं पुढे काय होतं, याची जास्त काळजी वाटते. चार स्पर्धा, चार फोटो, आणि संहिता कुणाच्या तरी मोबाइलमधे पडून. गावातल्या मंडळाला ती मिळतच नाही.

म्हणून या मंडपाच्या डाव्या बाजूला आम्ही एक टेबल ठेवलं आहे. लेखकांनी आपल्या संहितेची एक प्रत आणि संपर्काचा पत्ता तिथे द्यावा. मंडळांनी प्रत चाळावी, आवडली तर लेखकाची लेखी परवानगी घ्यावी, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारावं, आणि मानधन ठरवूनच जावं. मांडववाल्याला आगाऊ पैसे देता, लेखकालाही द्या.