घटिकापात्र आणि घड्याळ



पूर्वीं लग्नमंडपांत घटिकापात्र ठेवीत असत. बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडीत. तें बुडालें कीं एक घटिका, म्हणजे 24 मिनिटें, संपली. किती वाजले हें त्या पात्रास ठाऊक नसे. किती वेळ गेला, एवढेंच तें सांगे. भिंतीवरचें घड्याळ किती वाजले तें सांगतें, परंतु तें माणसांच्या ठरावानें चालतें. 1906 सालीं प्रमाणवेळ सुरू झाली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून 39 मिनिटें पुढें होती. आमच्या पिंपळनेरासहि सूर्य माथ्यावर येतो तो, सरासरीनें, घड्याळाच्या बारानंतर अर्ध्या तासाहून थोडा उशिराच.

संगणकांतहि हीं दोन साधनें निराळीं आहेत. 1995 सालीं निघालेल्या जावास्क्रिप्ट भाषेंतील ‘डेट’ हें भिंतीवरचें घड्याळ होय. एखादें काम किती वेळांत झालें हें पाहण्यासाठीं पुष्कळ जण तें आरंभीं व शेवटीं वाचून वजाबाकी करीत. त्यांत दोन दोष होते.

पहिला असा कीं, मध्येंच यंत्रानें आपली वेळ जुळवून घेतली तर उत्तर खोटें येतें. 1 जानेवारी 2017 रोजीं, आपल्याकडे पहाटे साडेपांचाच्या सुमारास, जगाच्या घड्याळांत एक सेकंद अधिक घातला गेला. त्या क्षणीं क्लाउडफ्लेअर कंपनीच्या कांहीं यंत्रांत गेलेला वेळ शून्याहून कमी निघाला व त्यांचें काम अडलें. तेथील भाषा दुसरी होती, चूक हीच.

दुसरा दोष जाडसरपणाचा. विंडोजचें घड्याळ पुष्कळदां सेकंदास 64 ठोके देई. म्हणजे दर ठोका सुमारें साडेपंधरा मिलिसेकंदांचा. तीन मिलिसेकंदांचें काम मग कधीं शून्य, तर कधीं पंधरा दिसे. अशा मापावर विसंबून चांगली रचना टाकून दिली जाते आणि वाईट ठेवली जाते.

यावर 2012 सालीं ‘परफॉर्मन्स नाऊ’ हें माप प्रमाण ठरलें. तें कधीं मागें जात नाहीं. तें आपलें घटिकापात्रच. परंतु 2018 सालीं असें उघड झालें कीं, अतिसूक्ष्म मापाच्या साह्यानें यंत्रांतील गुपितें चोरतां येतात. म्हणून ब्राउझरांनीं तें मुद्दाम बोथट केलें. तेव्हां दशांशापुढें आंकडे पुष्कळ दिसले म्हणून ते खरे मानूं नयेत. लहान काम हजार वेळां करावें, एकंदर वेळ मोजावा आणि मग भागावें.

किती वाजले हें भिंतीस विचारावें. किती वेळ गेला हें मात्र पाण्यावरच्या पात्रासच विचारावें.