शिष्यवृत्ती मध्येच तुटली तर?

(पेण आणि रोहे येथील पालकांपुढे केलेले भाषण)



पेण व रोहे या तालुक्यांतील आपली मुले आज महाविद्यालयात जात आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आत गेलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी बाहेर का पडतो, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे. तो नापास झाला म्हणूनच बाहेर पडतो असे नाही. प्रवेश घेताना जी मदत गृहीत धरली, ती पुढे कमी झाली, लांबली किंवा बंद पडली म्हणूनही तो बाहेर पडतो. घरात मुलगा आणि मुलगी दोघेही शिकत असतील, तर पहिली पाळी मुलीवर येते. हे आपण चालू देता कामा नये.

हे संकट आपल्यासाठी नवे नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. तेथून ते लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मुंबईस सिडनेहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे साह्य घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. ही पदवी मिळविली. पैसा थांबला, पण परतीचा दरवाजा त्यांनी बंद होऊ दिला नाही.

दुसरा दाखला आपल्या समाजाचा. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट होती. त्यामुळे ज्याने बुद्धाला शरण जाण्याचे ठरविले, तो केंद्राच्या लेखी अनुसूचित जातीचा उरला नाही. मनुष्य तोच, दारिद्र्य तेच, गावकीतील वागणूकही तीच. सवलत मात्र गेली! महाराष्ट्र राज्याने १९६० साली राज्याच्या सवलती नवबौद्धांस लागू केल्या. केंद्राचा कायदा बदलण्यास १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे! ही दुरुस्ती कोणाच्या दयेने झालेली नाही. समाजाने मागणी सोडली नाही म्हणून झाली.

म्हणून आज ज्या कुटुंबांनी नव्याने दीक्षा घेतली आहे, त्यांना मी स्पष्ट सांगतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झाल्यामुळे आता शिष्यवृत्ती जात नाही. कोणी तसे सांगून भीती घातली तर घाबरू नका. मात्र दाखल्यांकडे लक्ष द्या. राज्याचा जातीचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला एक नव्हे. मुलगा केंद्रीय संस्थेत जाणार असेल तर तो दाखला आधीच काढून ठेवा.

आता आजचा व्यवहार पाहा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो. धाटावच्या कारखान्यात एखाद्या वर्षी जादा पाळ्या मिळाल्या, किंवा पेणच्या गणपतीच्या कारखान्यात हंगाम चांगला गेला, की उत्पन्न मर्यादेपलीकडे जाते आणि निर्वाहभत्ता बंद होतो. तेव्हा सर्वच गेले असे समजून मुलीचे नाव काढू नका. मर्यादेपलीकडील अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची निराळी योजना आहे.

दुसरा बदल पैसा येण्याच्या मार्गाचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेचा खर्च केंद्र ६० टक्के व राज्य ४० टक्के असा वाटून घेतला. केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते. ते पैसे आपले नव्हेत, महाविद्यालयाचे आहेत. घराचे छप्पर, लग्नकार्य, आजारपण यांत ते खर्च झाले, तर परीक्षेच्या तोंडावर थकबाकी उभी राहते आणि मुलगा अडकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. व्यावसायिक अभ्यासक्रमात शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून मिळालेली जागा आणि व्यवस्थापन कोट्यातील जागा यांत मोठा भेद आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशास ही मदत मिळत नाही. "पुढे सर्व होईल," असे कोणी तोंडी सांगितले तरी त्यावर विसंबू नका.

प्रवेशाची पावती हातात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. ही जागा कोणत्या फेरीतील? कोणते शुल्क माफ आणि कोणते आम्ही भरावयाचे? पुढील वर्षी मदत चालू राहण्यास कोणत्या अटी? आणि पैसे येण्यास उशीर झाला तर महाविद्यालय काय करील? उत्तरे लेखी मागा. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये असे शासनाचे निर्देश आहेत, हेही नम्रपणे, पण ठामपणे सांगा.

तरीही मदत तुटली तर? प्रथम प्राचार्यांकडे कारण लेखी मागा. नंतर अलिबागला समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने जाऊ नका. ज्यांची तीच अडचण आहे त्या पाच-दहा पालकांनी मिळून जा. आणि विहारात वर्गणीची एक पेटी शिक्षणासाठी निराळी ठेवा. सहा महिने उशीर झाला म्हणून एका मुलीचे वर्ष वाया जाणार असेल, तर ते सहा महिने गावाने उसने द्यावेत. पैसे आले की परत घ्यावेत.

बंधूंनो आणि भगिनींनो, याच जिल्ह्यातील महाडला १९२७ साली आपल्या वाडवडिलांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान लागली म्हणून नव्हे. हक्क होता म्हणून. शिष्यवृत्तीही तशीच आहे. ती भीक नाही, म्हणून मागताना मान खाली घालू नका. आणि ती हक्क आहे, म्हणून तिचे नियम न वाचता राहू नका.

जय भीम!