आता मुलगाच व्हायचा?

(वर्धापनदिनी झालेले भाषण)



"तीन मुली झाल्या, आता मुलगाच व्हायचा," हे वाक्य बारशाच्या घरी आपण सर्वांनीच ऐकले आहे. बोलणारीच्या मनात वाईट नसते. पण त्या भरवशावर एका बाईचे आणखी एक बाळंतपण ठरते. ते वाक्य घरच्या घरी कसे पडताळावे, ते आज सांगते.

शून्य ते नऊ हे आकडे लिहिलेल्या दहा सारख्या चिठ्ठ्या डब्यात टाका. न पाहता एक काढा, आकडा वहीत लिहा, चिठ्ठी परत टाकून डबा हलवा आणि पुन्हा काढा. परत टाकायला विसरू नका, नाहीतर भिशी होईल! या आकड्यांना यादृच्छिक अंक म्हणतात. मागच्यावरून पुढचा ओळखता येत नाही, हाच त्यांचा गुण. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना एकटेच पत्ते लावीत बसत. डाव सुटण्याची संभाव्यता सूत्राने काढण्यापेक्षा पुष्कळ डाव मांडून मोजावी, असे त्यांना सुचले. 'मॉन्टे कार्लो' पद्धत त्यातूनच निघाली.

आता विषम आकडा म्हणजे मुलगी, सम म्हणजे मुलगा. शून्य समच धरा. चार आकड्यांची ओळ म्हणजे एक घर. अशा १६० ओळींत पहिल्या तिन्ही मुली असलेली घरे सुमारे २० निघतील. त्यांचा चौथा आकडा पाहा: साधारण निम्मे मुलगे, निम्म्या मुली. नेमके दहा-दहा येतीलच असे नाही, बारा-आठही येतील. ओळी चौपट मांडा, की प्रमाणातला हा फरक सुमारे निम्मा होतो. आधी काय निघाले याची डब्याला आठवण नसते.

आता दुसरा प्रकार. मुलगा होईपर्यंत थांबायचेच नाही, असे सगळ्यांनी ठरवले तर? आकडे सलग लिहा आणि प्रत्येक सम आकड्यानंतर रेघ ओढा. दोन रेघांमधले एक घर. अशाने मुलींची संख्या फार वाढेल असे वाटते ना? मोजून पाहा, निम्मेनिम्मेच! रेघेने चिठ्ठ्या बदलत नाहीत. मात्र आठांतल्या एका घरी मुलाआधी तीन किंवा अधिक मुली येतात. ते घर आपले असावे की नसावे, हे बाईच्या हाती नाही. मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावरून ठरते, आणि तिथेही योगायोगच.

कोणी म्हणेल, निसर्गात शंभर मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. खरे आहे. मग दोन-दोन आकडे घ्या: ०० ते ५० मुलगा, ५१ ते ९९ मुलगी. हजार मुलग्यांमागे साधारण ९६० मुली येतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हा आकडा नऊशेच्याही खाली होता. नुसती मुलाची वाट पाहून तो घसरत नाही, हे रेघांनी दाखवलेच. कोणीतरी विषम चिठ्ठी वहीत न लिहिताच फेकली, तरच असे होते. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला तो यासाठीच.

मागच्या टेबलावर चार डबे आणि वह्या ठेवल्या आहेत. चहा झाला की चौघीचौघींनी बसावे. एकीने काढावे, एकीने लिहावे, एकीने रेघा ओढाव्या. चौथीने चिठ्ठी परत पडली की नाही, एवढेच पाहावे.